रहस्यकथा, वंशभेद आणि न्याय : अमेरिकन हेरकथेतील एका पेचाचे विवेचन

रहस्यकथा हा केवळ मनोरंजनाचा वाङ्मयप्रकार आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि, मनोरंजनासाठी लिहिलेल्या वाङ्मयातही समाजाविषयीची काही गृहीते दडलेली असतात, आणि ती लेखक व वाचक या दोघांनाही इतकी परिचयाची असतात की, त्यांचा उच्चार करण्याची गरज कोणास भासत नाही. ज्या समाजात ती गृहीते खरी ठरत नाहीत, त्या समाजात रहस्यकथा लिहू जाता काय घडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटावा असा आहे. अमेरिकेतील वंशभेदाच्या पार्श्वभूमीवर लिहिल्या गेलेल्या हेरकथांमधून या प्रश्नाचे उत्तर मिळते. जॉन बॉल यांची ‘इन द हीट ऑफ द नाइट’ ही १९६५ सालची कादंबरी, तीवरून १९६७ साली निघालेला चित्रपट आणि चेस्टर हाइम्स व वॉल्टर मोझ्ली या दोन कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबऱ्या यांच्या आधारे त्या उत्तराचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

१. रहस्यकथेची तीन गृहीते

आधुनिक हेरकथेचा आरंभ सामान्यतः एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या कथेपासून मानला जातो. १८८७ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला वाचकांपुढे आणले आणि या प्रकाराचा साचा स्थिर झाला. गुन्हा घडतो, पोलिसांना मार्ग सापडत नाही, तीक्ष्ण बुद्धीचा एक शोधक क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांवरून अपराध्यापर्यंत पोहोचतो, रहस्य उलगडते आणि कथा संपते.

कथा तेथेच का संपते, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. रहस्य उलगडल्यानंतर खटला चालावयाचा असतो, साक्षीपुरावा व्हावयाचा असतो, पंचांनी निर्णय द्यावयाचा असतो. परंतु या सर्वांचे वर्णन करण्याची जरुरी लेखकाला वाटत नाही. कारण सत्य उघड झाले की न्याय आपोआप होणारच, असे तो गृहीत धरतो. हे पहिले गृहीत होय. दुसरे गृहीत असे की, पुरावा निःपक्षपाती असतो. बोटाचा ठसा किंवा चिखलातील पाऊल हे पाहणाऱ्याची जात अथवा वर्ण विचारीत नाही. तिसरे गृहीत शोधकाविषयी आहे. तो कोठेही जाऊ शकतो, कोणालाही प्रश्न विचारू शकतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, असे समोरच्यास वाटते.

ही तीनही गृहीते ज्या समाजात बव्हंशी खरी असतात, तेथे रहस्यकथा निर्वेधपणे चालते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ती खरी नव्हती.

२. सत्य आणि न्याय यांची फारकत

१९५५ सालच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा निर्घृण खून झाला. तो शिकागोहून मनी या लहानशा गावी आपल्या नातलगांकडे आला होता. एका गोऱ्या दुकानदार स्त्रीशी तो आगळिकीने वागला, असा आरोप ठेवून रॉय ब्रायंट व जे. डब्ल्यू. मायलम या दोघांनी रात्री त्याला घरातून उचलून नेले. सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला. मुलाचे वृद्ध आप्त मोझेस राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून आरोपींकडे बोट दाखविले. त्या काळी मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या माणसाविरुद्ध अशी साक्ष देणे हे प्राणावर उदार होण्यासारखेच होते. तथापि बाराही पंच गोरे पुरुष होते, आणि त्यांनी सुमारे तासाभराच्या विचारविनिमयानंतर आरोपींना निर्दोष ठरविले. पुढे १९५६ च्या जानेवारीत या दोघांनी ‘लुक’ या नियतकालिकाकडून मोबदला घेऊन खुनाची कबुली दिली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला भरता येत नाही, या नियमामुळे त्यांना त्या आरोपावरून पुन्हा न्यायालयात खेचणे शक्य नव्हते.

या प्रकरणात रहस्य असे काहीच नव्हते. अपराधी कोण हे गावाला ठाऊक होते, साक्षीदार उपस्थित होता, आणि शेवटी कबुलीही छापून आली. न्याय मात्र झाला नाही. पंचांची निवड मतदारांच्या यादीतून होत असे आणि कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदविण्यापासून नाना युक्त्यांनी व धाकाने दूर ठेवले जाई. त्यामुळे पंचमंडळात त्यांचा प्रवेशच होत नसे. अन्याय येथे एखाद्या न्यायाधीशाच्या लहरीतून उत्पन्न झालेला नव्हता. तो यंत्रणेच्या रचनेतच अंतर्भूत होता.

शोधकाविषयीच्या गृहीताचीही हीच अवस्था होती. १९४८ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराने प्रथमच आठ कृष्णवर्णीय पोलिस नेमले. त्यांना गणवेश मिळाला. पण गोऱ्या माणसाला अटक करण्याचा अधिकार मिळाला नाही. पोलिसांच्या मुख्य कचेरीत त्यांना जागा नव्हती. बटलर स्ट्रीटवरील वाय. एम. सी. ए.च्या तळघरातून त्यांना काम करावे लागे. ज्याला अर्ध्या शहरास हात लावता येत नाही अशा शोधकाने गुन्ह्याचा छडा लावावा कसा? टॉमस मलन यांनी २०१६ साली ‘डार्कटाउन’ या कादंबरीत नेमका हाच प्रश्न विषय म्हणून घेतला. परंतु तो प्रश्न कल्पनेतून निर्माण झालेला नव्हता.

३. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ : कादंबरी

जॉन बॉल (१९११–१९८८) हे गोरे अमेरिकन लेखक. त्यांची ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि पहिल्या कादंबरीसाठी असलेले एडगर पारितोषिक तिला मिळाले. वर्णाच्या आधारे सार्वजनिक ठिकाणी भेद करण्यास मनाई करणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली, तर मताधिकाराचे संरक्षण करणारा कायदा १९६५ साली संमत झाला. कायदा बदलला होता. माणसे बदलावयाची होती. कादंबरीचा काळ हा या संधिकालाचा होय.

कॅरोलिना प्रदेशातील वेल्स नावाच्या काल्पनिक गावात उन्हाळ्यातील एका असह्य उकाड्याच्या रात्री सॅम वुड हा गस्तीचा पोलिस भर रस्त्यात एक प्रेत पाहतो. मृत व्यक्ती म्हणजे गावात संगीत महोत्सव भरविण्यासाठी आलेले संगीतसंचालक मांतोली. वुड संशयिताच्या शोधात निघतो आणि रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या एका कृष्णवर्णीय प्रवाशाला पकडून आणतो. त्याच्या पाकिटात बरेच पैसे सापडतात. एवढा पुरावा पुरेसा मानला जातो. पोलिसप्रमुख गिलेस्पी त्याची उलटतपासणी घेतो, तेव्हा उलगडा होतो की, हा मनुष्य व्हर्जिल टिब्ज असून तो कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराच्या पोलिस दलात खुनांचा तपास करणारा अधिकारी आहे.

या एका प्रसंगात रहस्यकथेची रूढ मांडणी उलटी झाली आहे. शोधक येथे प्रथम आरोपी म्हणून प्रवेश करतो. ज्याने पुरावा वाचावयाचा, त्याचे शरीरच इतरांच्या लेखी पुरावा ठरते. पुरावा निःपक्षपाती असतो, हे गृहीत येथे पहिल्याच प्रकरणांत कोसळते. पाकिटातील पैसा गोऱ्या माणसाजवळ असता तर ती त्याची मिळकत ठरली असती. कृष्णवर्णीयाजवळ असल्यामुळे ती लूट ठरते. वस्तू एकच, तिचा अर्थ मात्र ती कोणाच्या खिशात आहे यावर अवलंबून. विशेषाधिकार या शब्दाचा अर्थ याहून अधिक स्पष्टपणे सांगणे कठीण आहे. विशेषाधिकार म्हणजे जादा सुखसोयी, एवढेच नव्हे; आपल्या निरपराधीपणाचा पुरावा द्यावा न लागणे, हे त्याचे खरे स्वरूप होय.

पुढे गावकऱ्यांच्या अडचणीपोटी टिब्जलाच तपासात मदत करावयास सांगितले जाते. गिलेस्पीला खुनाच्या तपासाचा अनुभव नसतो. टिब्जचे ज्ञान हवे असते, पण त्याची बरोबरी सोसवत नाही. बॉल यांनी हा पेच संयमाने रंगविला आहे. टिब्ज वाद घालीत नाही, व्याख्यान देत नाही. तो केवळ आपले काम अचूक करतो. अपमान गिळून काम करणे हा त्याच्या व्यवसायाचा एक भाग होऊन बसला आहे. खाणावळीतील नोकर त्याला खाद्यपदार्थ देण्याचे नाकारतो. हाच नोकर, राल्फ, शेवटी खुनी ठरतो. खाणे नाकारण्याचा अधिकार ज्याच्याजवळ होता त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि रिकाम्या स्टेशनवर शांतपणे बसलेला मनुष्य मात्र प्रथम पकडला गेला, ही कादंबरीची खरी फलश्रुती होय.

४. चित्रपट : चार चुकांची कथा

१९६७ साली दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. पटकथा स्टर्लिंग सिलिफंट यांची. टिब्जची भूमिका सिडनी पॉइटिए यांनी व गिलेस्पीची रॉड स्टायगर यांनी केली. घटनास्थळ मिसिसिपीतील स्पार्टा या गावी हलविण्यात आले, टिब्ज फिलाडेल्फियाचा झाला, आणि मृत संगीतसंचालकाच्या जागी गावात कारखाना काढण्यासाठी आलेला कोल्बर्ट हा उद्योगपती आला. चित्रीकरणाचा बहुतेक भाग मिसिसिपीत न होता उत्तरेकडील इलिनॉय राज्यातील स्पार्टा या गावी झाला. कारण दक्षिणेत जाऊन राहण्याची पॉइटिए यांची तयारी नव्हती. १९६४ साली नागरी हक्कांच्या चळवळीला मदत पोहोचविण्यासाठी मिसिसिपीत गेले असता गोऱ्या अतिरेक्यांनी त्यांच्या मोटारीचा पाठलाग केला होता. कापसाच्या मळ्यातील दृश्यांसाठी टेनेसी राज्यात अल्पकाळ मुक्काम करावा लागला, तेवढाच. वंशभेदावरील चित्रपटाची जागाही वंशभेदानेच ठरविली.

चित्रपटाच्या रचनेकडे बारकाईने पाहता ती चार चुकांवर उभी असल्याचे दिसते. पहिली चूक टिब्जच्या अटकेची. तिचे कारण त्याचा वर्ण. दुसरी चूक हार्वी ओबर्स्ट या गरीब गोऱ्या तरुणाच्या अटकेची. मृताचे पाकीट त्याच्याजवळ सापडते, म्हणून तो खुनी ठरतो. जखमेवरून मारेकरी उजव्या हाताचा असला पाहिजे आणि ओबर्स्ट तर डावखुरा आहे, हे टिब्ज दाखवून देतो. तिसरी चूक खुद्द सॅम वुडच्या अटकेची. त्याने गस्तीचा नेहमीचा मार्ग लपविलेला असतो आणि बँकेत पैसे भरलेले असतात, एवढ्यावरून गिलेस्पी आपल्याच सहकाऱ्याला कोठडीत टाकतो. आधी अपराधी ठरवावयाचा आणि मग पुरावा जमवावयाचा, ही पद्धत प्रथम कृष्णवर्णीयाविरुद्ध वापरली गेली. परंतु एकदा अंगवळणी पडल्यावर ती गोऱ्या गरिबालाही सोडीत नाही, आणि शेवटी पोलिसालाही सोडीत नाही.

चौथी चूक सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती टिब्जची आहे. कोल्बर्टच्या मोटारीत सापडलेल्या वनस्पतीच्या मुळांच्या तुकड्यावरून टिब्ज एंडिकट या बड्या मळेवाल्याच्या काचगृहापर्यंत पोहोचतो. एंडिकटचा कापसाचा मळा, त्यात राबणारे कृष्णवर्णीय मजूर आणि त्याची गुळगुळीत, आश्रयदात्याची भाषा हे सर्व पाहून टिब्जची खात्री होते की, खुनी हाच. प्रश्न विचारला गेल्याचा राग येऊन एंडिकट त्याच्या मुखात मारतो. तत्क्षणी टिब्जही उलट थप्पड मारतो. अमेरिकन चित्रपटात तोपर्यंत असे दृश्य जवळजवळ अभूतपूर्व होते. परंतु त्या थप्पडेइतकाच महत्त्वाचा भाग तिच्यानंतरचा आहे. पूर्वीचे दिवस असते तर तुला गोळी घालविली असती, अशा आशयाचे उद्गार एंडिकट काढतो आणि ती मंडळी निघून गेल्यावर एकटाच रडतो. विशेषाधिकार संपला, याचे दुःख त्याला अपमानापेक्षा अधिक आहे. दुसरीकडे, एंडिकटला अपराधी ठरविण्याची टिब्जची घाई गिलेस्पीच्या ध्यानात येते. हा मनुष्यही आपल्यासारखाच आहे, हे त्याला प्रथमच जाणवते.

एंडिकट खुनी निघत नाही. येथे चित्रपटाने एक कठोर सत्य मांडले आहे, मग ते निर्मात्यांना अभिप्रेत असो वा नसो. एंडिकट जे करतो तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हा नाही. मजुरांना पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात ठेवणे, कारखान्याला विरोध करून त्यांची सुटका लांबविणे, प्रश्न विचारणाऱ्याच्या मुखात मारणे, यांपैकी कशासाठीही त्याला अटक होत नाही. शोधकाला जे कायद्याने गुन्हा मानले आहे तेवढेच शोधता येते. विशेषाधिकार हा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणूनच अखेर सापडतो तो खाणावळीतला निर्धन राल्फ. प्रेयसीच्या गर्भपाताला लागणाऱ्या पैशांसाठी त्याने खून केलेला असतो. रहस्य उलगडते, मळा मात्र होता तसाच राहतो.

या चित्रपटाला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे व स्टायगर यांच्या अभिनयाचे पारितोषिक होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यामुळे तो समारंभ ८ एप्रिलऐवजी १० एप्रिल रोजी झाला. चित्रपटाच्या अखेरीस गिलेस्पी टिब्जची बॅग उचलून त्याला गाडीपर्यंत पोहोचवितो. पडद्यावर दोन माणसांचा समेट झाला होता. बाहेर समेटाचा उपदेश करणारा मनुष्य गोळीला बळी पडला होता. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन यांनी १९७६ सालच्या ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ या ग्रंथात या गोड शेवटावर टीका केली, ती या दृष्टीने समजून घेतली पाहिजे. टिब्ज इतका निर्दोष, इतका सुशिक्षित, इतका संयमी दाखविला आहे की, त्याला मान देणे प्रेक्षकाला अवघड जात नाही. जो मनुष्य निष्णात नाही, सभ्य पोशाखात नाही, त्याच्या न्यायाचे काय, हा प्रश्न चित्रपट अनुत्तरित ठेवतो.

५. हाइम्स : न्यायासाठी बेकायदा सौदा

हा प्रश्न चेस्टर हाइम्स (१९०९–१९८४) यांनी आधीच हाती घेतला होता. हाइम्स यांना कायद्याची ओळख दुसऱ्या बाजूने झाली होती. सशस्त्र दरोड्याच्या आरोपावरून १९२८ साली त्यांना शिक्षा झाली, आणि ओहायोच्या तुरुंगात असतानाच त्यांनी लेखनास आरंभ केला. १९५३ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे गालीमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या रहस्यमालेचे संपादक मार्सेल द्युआमेल यांच्या आग्रहावरून त्यांनी हार्लेममधील कॉफिन एड जॉन्सन व ग्रेव्ह डिगर जोन्स या दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या कथा लिहिल्या. त्यांतील पहिलीला १९५८ साली फ्रान्समधील रहस्यकथांचे मानाचे पारितोषिक मिळाले. स्वदेशात उपेक्षा झालेल्या लेखकाला परभाषेत मान मिळावा, ही गोष्ट विषयाशी विसंगत नाही.

१९६५ सालच्या ‘कॉटन कम्स टू हार्लेम’मध्ये एक लबाड धर्मोपदेशक आफ्रिकेला परत नेण्याचे आमिष दाखवून ८७ कुटुंबांकडून प्रत्येकी एक हजार असे ८७,००० डॉलर गोळा करतो. ते पैसे लुटले जातात आणि कापसाच्या एका गठ्ठ्यात दडविले जातात. गठ्ठ्याच्या मागावर असलेला कॅल्हून नावाचा गोरा ‘कर्नल’ मजुरांना पुन्हा दक्षिणेच्या मळ्यांवर नेण्याची मोहीम चालवीत असतो. शेवटी त्याच्या खुनाचा पुरावा हाती येतो. पण मूळ पैसे तोपर्यंत भलत्याच माणसाच्या हाती जाऊन नाहीसे झालेले असतात. तेव्हा दोघे पोलिस कर्नलशी सौदा करतात : त्याने ८७,००० डॉलर द्यावेत व निसटून जावे. कर्नल आपल्या अलाबामा राज्यात पोहोचतो आणि ते राज्य त्याला परत पाठविण्याचे नाकारते. ८७ कुटुंबांना त्यांचे पैसे मात्र मिळतात.

टिब्जच्या जगाशी याची तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. टिब्जला खुनी सापडतो, परंतु व्यवस्था अभंग राहते. हाइम्सचे पोलिस खुन्याला सोडतात, कारण त्याला शिक्षा होणार नाही हे ते जाणतात, आणि निदान नाडलेल्यांची भरपाई तरी पदरात पाडून घेतात. कायदा आणि न्याय यांपैकी एकच हाती लागणार असेल, तर काय निवडावे? हाइम्स यांचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. पण ते टाळाटाळीचे नाही. पुढे १९६९ च्या ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’मध्ये त्यांनी हा साचाच मोडला. त्यात गुन्ह्यांचा उलगडा होत नाही. दोघे पोलिस शेवटी पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून बाहेर पडणारे उंदीर टिपीत उभे राहतात, आणि भुयारी रेल्वेत एक आंधळा मनुष्य पिस्तूल झाडीत सुटतो. सत्य शोधण्यात अर्थच उरला नाही, तेव्हा शोधकाला काम उरले नाही.

६. मोझ्ली : घर वाचविणारा शोधक

वॉल्टर मोझ्ली यांनी १९९० साली ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ लिहून हा धागा पुढे नेला. कथा १९४८ च्या लॉस एंजलिसमधील. इझी रॉलिन्स हा युद्धावरून परतलेला कृष्णवर्णीय मनुष्य विमानांच्या कारखान्यातील नोकरी गमावून बसला आहे आणि घराच्या कर्जाचा हप्ता फेडणे त्याला भाग आहे. डॅफ्नी मोने नावाच्या गोऱ्या समजल्या जाणाऱ्या स्त्रीचा शोध घेण्याचे काम तो एका गोऱ्या माणसाकडून घेतो, ते केवळ यासाठी. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गोऱ्यांना कोणी खरे सांगत नाही, म्हणून त्यांना इझीची गरज लागते. त्या स्त्रीच्या वंशाचे गुपित हेच अखेर कथेचे रहस्य ठरते. येथे गुन्हा उघडकीस आणण्याइतकेच एखाद्याचा वर्ण उघडकीस आणणे घातक आहे. कारण त्या समाजात वर्ण हाच आरोप आहे.

शोधकाविषयीचे तिसरे गृहीत मोझ्ली यांनी असे वळविले आहे. इझीला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. ऐकून घेण्याची कला आहे. त्याला न्यायाच्या ध्येयाने नव्हे, तर स्वतःच्या मालकीच्या चार भिंतींच्या ओढीने बाहेर काढले आहे. गोऱ्या शोधकाच्या कथेत घर हे कथेबाहेर असते, कारण ते जाण्याची भीती नसते. कथेच्या शेवटी इझी एका जुन्या स्नेह्याला विचारतो की, एका अपराध्याला मित्र म्हणून पाठीशी घालणे व दुसऱ्याला पोलिसांच्या हवाली करणे योग्य झाले काय. हा प्रश्न शेरलॉक होम्सला सहसा पडत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वंशभेदाच्या समाजात रहस्यकथा लिहिली जाऊ लागताच तिची तीनही गृहीते एकेक करून प्रश्न बनतात. पुरावा कोणाचा वर्ण पाहून वाचला जातो, शोधकाला कोठवर जाता येते आणि सत्य सापडल्यावर न्याय होतो काय, हे प्रश्न कथेच्या काठावरून मध्यभागी येतात. बॉल यांनी पहिला प्रश्न विचारला व ज्युइसन यांच्या चित्रपटाने त्याला धार आणली. हाइम्स यांनी तिसरा विचारला. मोझ्ली यांनी दुसरा.

रहस्यकथेचा वाचक अपराधी कोण हे जाणण्यासाठी पाने उलटतो. या कथा त्याला ते सांगतात. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगतात, जी त्याने विचारलेली नसते. मिसिसिपीतील त्या न्यायालयात मोझेस राइट यांनी दाखविलेले बोट बरोबर दिशेने होते. उणीव शोधाची नव्हती. ते बोट पाहूनही न पाहणाऱ्या बारा माणसांची होती. रहस्य उलगडणे हे बुद्धीचे काम आहे. उलगडलेल्या सत्याला मान देणे हे समाजाचे काम आहे, आणि ते कोणत्याही हेराला समाजाच्या वतीने पार पाडता येत नाही.